कापडाचे शास्त्र शिकायचे म्हणजे नेमके काय शिकायचे?

प्रश्न असा आहे. चोपडा तालुक्यातील एक विद्यार्थिनी यंदा बारावी विज्ञान उत्तीर्ण झाली आहे. सीईटीच्या गुणांवर संगणक शाखा मिळणे अवघड, पण वस्त्रतंत्रज्ञानाची जागा मिळण्यासारखी, अशी तिची स्थिती आहे. वडील कापूस पिकवतात आणि नातेवाइकांचे म्हणणे असे, की गिरण्या केव्हाच बंद पडल्या, आता त्यात काय उरले आहे? या शाखेत प्रत्यक्षात काय शिकवतात, कोणत्या महाविद्यालयाचा विचार करावा, चार वर्षांत स्वतःहून कोणती तयारी करावी, पुढे कामे कोणती मिळतात आणि खान्देशात राहून काही करता येईल का, असे तिने विचारले आहे. वडिलांनी त्यात आपला एक प्रश्न जोडला आहे, की या शिक्षणाचा शेतीला काही उपयोग होतो का. माझे बहुतेक आयुष्य सूतगिरणीच्या गुणवत्ता विभागात आणि नंतर कापडाच्या प्रक्रियागृहात गेले, त्या अनुभवावरून उत्तर देतो.

नातेवाइकांच्या आक्षेपापासून सुरुवात करतो, कारण तो निराधार नाही. जळगावची खान्देश मिल, प्रताप शेठजींनी अमळनेरला १९०६ मध्ये उभारलेली प्रताप मिल आणि धुळ्याची न्यू प्रताप मिल यांच्या भोंग्यांवर ज्या शहरांचे दिवस चालत असत, त्या शहरांनी गिरणी थांबताना पाहिली आहे; तेथील जुन्या माणसांच्या मनात 'गिरणी' म्हटले की बेकारी आठवत असेल तर त्यांना दोष देता येणार नाही. मात्र त्या काळात कोसळली ती धंद्याची एक विशिष्ट मांडणी होती. कापूस एका दाराने आत आणि रंगवलेले कापड दुसऱ्या दाराने बाहेर, अशा एकत्रित गिरण्यांची ती मांडणी १९८२ च्या मुंबईतील संपाच्या आधीच खिळखिळी होऊ लागली होती आणि संपानंतर तिचे विघटन वेगाने झाले. विणकाम मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी, धुळे येथील यंत्रमागांकडे गेले, सूतकताई स्वतंत्र सूतगिरण्यांकडे गेली, रंगाई-छपाई सुरत, अहमदाबाद आणि अन्यत्रच्या प्रक्रियागृहांत गेली, शिवणकाम बेंगळुरू-तिरुपूरकडे सरकले. देशात कापड पूर्वीपेक्षा जास्तच बनते. ते एका छपराखाली बनत नाही, एवढेच.

या बदलाचा विद्यार्थ्याच्या दृष्टीने एक परिणाम झाला, आणि माझ्या उत्तराचा सारा भार त्यावरच आहे. जुन्या गिरणीत कापडात दोष निघाला तर विणकाम खात्याचा मास्तर आवारातून चालत जाऊन कताई खात्याच्या मास्तरला गाठू शकत असे. आता जिनिंगवाला (कापसातून सरकी वेगळी करणारा), सूतगिरणी, यंत्रमागधारक, प्रक्रियागृह आणि कपडे शिवणारी कंपनी हे पाच वेगळे मालक असतात, पाच वेगळ्या गावांत असतात आणि दोष निघाला की प्रत्येक जण मागच्याकडे बोट दाखवतो. तयार कापडातला दोष पाहून त्याचा माग काढत सुतापर्यंत, सुतातून तंतूपर्यंत आणि वेळप्रसंगी शेतापर्यंत जाऊ शकणारा माणूस म्हणूनच आज दुर्मीळ आहे. पदवीच्या चार वर्षांत ही एक विद्या हाती लागली तर काम मिळण्याची चिंता फारशी करावी लागत नाही. ती हाती लागली नाही तर कोणत्याही नामांकित महाविद्यालयाचा शिक्का फार काळ पुरत नाही.

एक उदाहरण थोडे विस्ताराने देतो, म्हणजे या शाखेत काय शिकवतात याचे उत्तर अभ्यासक्रमाच्या यादीपेक्षा अधिक स्पष्ट होईल. समजा, गडद निळ्या रंगात रंगवलेल्या सुती होजिअरी कापडावर बारीक पांढुरके ठिपके दिसत आहेत आणि ग्राहकाने माल परत पाठवला आहे. रंगारी म्हणतो सूत खराब; सूतगिरणी म्हणते रंगाई खराब. ठिपका भिंगाखाली धरला की तो तंतूंचा गुंता आहे, म्हणजे ज्याला आपण नेप म्हणतो तो आहे, हे कळते. तो पांढरा का राहिला? कापसाचा तंतू म्हणजे सेल्युलोजची पोकळ नळी असते. बोंड पिकत असताना या नळीची भिंत आतल्या बाजूने थरावर थर चढून जाड होत जाते आणि रिॲक्टिव्ह रंगाचे रेणू या सेल्युलोजशीच रासायनिक बंधाने जोडले जातात. ज्या तंतूची भिंत जाड झालीच नाही, तो फितीसारखा चपटा राहतो, रंग कमी घेतो, जो घेतो तोही फिकट दिसतो, आणि लवचिक व पातळ असल्यामुळे यंत्रातल्या झोडपण्यात तोच सर्वांत आधी गुंततो. म्हणजे ठिपक्याचे मूळ अपरिपक्व तंतूत असण्याचा संभव मोठा आहे.

येथे कच्चा विद्यार्थी लगेच मायक्रोनेअरचा आकडा मागतो, तो ३.५ पेक्षा कमी दिसला की 'कापूस अपरिपक्व' असा शेरा मारतो आणि तपास बंद करतो. हा निष्कर्ष अपुरा आहे. मायक्रोनेअर म्हणजे ठरावीक वजनाच्या कापसाच्या बोळ्यातून हवा किती सहज जाते याचे माप. तंतू जातीनेच बारीक असला तरी आकडा खाली येतो आणि तंतू न पिकलेला असला तरीही खाली येतो. त्यामुळे परिपक्वतेची वेगळी चाचणी करावी लागते. त्यानंतरही प्रश्न उरतो, की हे नेप गाठीतच होते की गिरणीत तयार झाले. कार्डिंग यंत्रात, म्हणजे तारांनी तंतू विंचरून सुटे करणाऱ्या यंत्रात, जाणाऱ्या आणि तेथून निघणाऱ्या मालातील नेप मोजले, तर कार्ड आपले काम करते आहे की त्याच्या तारा बोथट झाल्या आहेत हे समजते. गाठीतच नेप भरपूर असतील तर जिनिंगकडे पाहावे लागते, आणि जिनिंगही ठीक असेल तर कापूस कोणत्या वेचणीचा होता हे विचारावे लागते. पहिल्या-दुसऱ्या वेचणीचा कापूस, पाण्याचा ताण बसलेल्या झाडाचा शेवटचा कापूस आणि फरदडीचा, म्हणजे हंगाम संपल्यावरही उभ्या ठेवलेल्या झाडांचा, कापूस हे एकाच बाजारात, एकाच ढिगात येतात. ते ओळखण्याचे कौशल्य चोपडा तालुक्यात वाढलेल्या मुलीकडे मुंबईच्या मुलापेक्षा निश्चितच अधिक असते, आणि ते कौशल्य आहे हेच बहुधा तिला ठाऊक नसते.

याच धाटणीचा दुसरा, अधिक त्रासदायक दोष म्हणजे कापडात येणारे परके धागे. शेतातून कापूस खताच्या किंवा धान्याच्या प्लास्टिक गोण्यांत भरून आणला, की गोणीचे पॉलिप्रॉपिलीनचे तुकडे त्यात मिसळतात. हे तंतू पांढरे असल्यामुळे कताईत सहज दिसत नाहीत. रंगाईत मात्र रिॲक्टिव्ह रंग त्यांना शिवत नाही आणि निळ्या शर्टावर पांढरी रेघ उमटते. गिरण्यांनी यासाठी कॅमेरे आणि हवेचे झोत असलेली महागडी यंत्रे ब्लोरूममध्ये, म्हणजे गाठी मोकळ्या करून साफ करण्याच्या खात्यात, बसवली आहेत. शेतावर सुती कापडाच्या झोळ्या वापरल्या तर त्या यंत्राचे निम्मे काम आधीच होईल, असे माझे मत आहे. पण स्वच्छ कापसाला वेगळा भाव मिळत नसेल तर शेतकऱ्याने झोळीचा खर्च का करावा, हाही प्रश्न तितकाच खरा आहे.

आता अभ्यासक्रमाकडे येतो. पहिले वर्ष इतर अभियांत्रिकी शाखांसारखेच असते. नंतर तंतूविज्ञान, सूतनिर्मिती, विणकाम व निटिंग, रासायनिक प्रक्रिया, चाचणी व गुणवत्ता नियंत्रण, वस्त्रप्रावरणे, तांत्रिक वस्त्रे (दिसण्यापेक्षा विशिष्ट कामासाठी बनवलेली) असे विषय येतात. त्यांपैकी तंतूविज्ञान आणि चाचणीसोबत येणारे संख्याशास्त्र हे दोन विषय विद्यार्थी सर्वांत हलक्या हाताने घेतात, कारण ते परीक्षेत सोपे जातात. यंत्रे दहा-पंधरा वर्षांत बदलतात. तंतू ओलावा का घेतो, ताणला की का तुटतो, उष्णता दिली की कसा वागतो, हे बदलत नाही. पॉलिएस्टर १३० अंश सेल्सिअसला दाबाखाली का रंगवावे लागते आणि कापूस ६० अंशांवर का रंगतो, याचे उत्तर तंतूच्या अंतर्रचनेत आहे. ते एकदा समजले की प्रक्रियागृहातले निम्मे तक्ते पाठ करावे लागत नाहीत.

आकडेमोडीची भीती मात्र पहिल्याच वर्षी सोडावी लागेल. आपल्याकडे सुताचा काउंट, म्हणजे त्याचा बारीकपणा, इंग्रजी पद्धतीने सांगतात: ८४० यार्डांची एक लड धरली तर एका पौंडात जितक्या लडी बसतात तितका काउंट. म्हणजे ३० काउंटच्या एक पौंड सुताची लांबी २५,२०० यार्ड. आंतरराष्ट्रीय टेक्स पद्धतीत १,००० मीटर सुताचे वजन ग्रॅममध्ये सांगतात, आणि ५९०.५ ला काउंटने भागले की टेक्स मिळतो. ३० काउंट म्हणजे सुमारे १९.७ टेक्स. सुताला इंचामागे किती पीळ द्यायचा, हे काउंटच्या वर्गमुळाला पीळगुणकाने (सुताच्या वापरानुसार निवडलेल्या आकड्याने) गुणून ठरते. गुणक ४ धरला तर ३० काउंटला इंचामागे सुमारे २१.९ पीळ येतात. रिंगफ्रेमची, म्हणजे सूत कातणाऱ्या यंत्राची, चाती मिनिटाला १८,००० फेरे घेत असेल, तर फेऱ्यांना पिळाने भागून मिनिटाला सुमारे २०.९ मीटर सूत निघते, आठ तासांच्या पाळीत सुमारे १०,००० मीटर, आणि त्याचे वजन सुमारे १९७ ग्रॅम. यंत्राची कार्यक्षमता ९५ टक्के धरली तर १८७ ग्रॅम. हा हिशेब कागदावर पाच मिनिटांत करता येणारा विद्यार्थी मुलाखतीत उठून दिसतो, कारण पाळी अधिकाऱ्याला रोज सकाळी नेमके हेच पाहायचे असते: जितके निघायला हवे होते तितके निघाले का, आणि नसेल तर सूत तुटण्याने गेले, यंत्र थांबण्याने गेले की पीळ चुकल्याने गेले.

खान्देशातल्या विद्यार्थ्याला आणखी एक गोष्ट पुस्तकापेक्षा लवकर समजते, ती म्हणजे हवेतील ओलाव्याचे महत्त्व. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि हवा कोरडी ठणठणीत होते. अशा हवेत कापूस ठिसूळ होतो, घर्षणाने स्थिर विद्युत निर्माण होऊन तंतू रुळांना चिकटतात, सूत तुटण्याचे प्रमाण वाढते आणि हवेत तूस उडू लागते. म्हणून रिंगफ्रेम खात्यात सापेक्ष आर्द्रता साधारण ५५ ते ६० टक्के आणि सुती विणकाम खात्यात त्याहून बरीच अधिक, ७५ ते ८० टक्क्यांच्या घरात राखावी लागते. त्यासाठीचे पाणी आणि वीज हा आपल्या भागातील गिरणीचा उन्हाळ्यातला मोठा खर्च आहे. कापूस ओला झाला की अधिक मजबूत होतो, व्हिस्कोस (लाकडाच्या लगद्यापासून बनवलेला तंतू) मात्र ओला झाला की कमकुवत होतो, हा फरक लक्षात ठेवावा. व्यापारातही ओलाव्याचा हिशेब असतो. कोरड्या वजनाच्या तुलनेत कापसासाठी ८.५ टक्के आणि पॉलिएस्टरसाठी केवळ ०.४ टक्के ओलावा मान्य धरतात, त्यामुळे मिश्र सुताचे वजन करताना घोटाळे होतात. प्रयोगशाळेत चाचणीपूर्वी नमुना ६५ टक्के आर्द्रतेत ठेवण्याचा नियम आहे. तो न पाळता काढलेल्या ताकदीच्या आकड्याला किंमत नसते, तरी तो अहवालात सर्रास छापला जातो.

महाविद्यालयांविषयी लिहिताना एक सूचना आधी देतो: शाखांची नावे, जागा आणि शुल्क दरवर्षी बदलू शकते, म्हणून प्रवेशाच्या वर्षीचे माहितीपत्रक पाहिल्याशिवाय विकल्प भरू नयेत. मुंबईची व्हीजेटीआय ही १८८७ मध्ये स्थापन झालेली संस्था आहे आणि कापड गिरण्यांना लागणारी माणसे घडवणे हे तिच्या प्रारंभीच्या कामांपैकी एक होते. मुंबईचीच रसायन तंत्रज्ञान संस्था, म्हणजे आयसीटी, १९३३ मध्ये विद्यापीठाचा विभाग म्हणून सुरू झाली तेव्हापासून वस्त्ररसायन हा तिचा विषय आहे. ज्यांना रंग, तंतू आणि प्रक्रिया यांच्या रसायनात गोडी आहे त्यांनी तिचा विकल्प वर ठेवावा. इचलकरंजीच्या डीकेटीई महाविद्यालयाचे बळ असे, की भोवतालचे सारे गावच मागांवर चालते आणि संस्थेत एकाहून अधिक वस्त्रशाखा आहेत. नांदेडच्या श्री गुरू गोविंदसिंहजी अभियांत्रिकी संस्थेत वस्त्रतंत्रज्ञान आहे, आणि शुल्काचा विचार करणाऱ्या कुटुंबाने तिचा विकल्प टाळू नये. खान्देशातच म्हणाल तर शिरपूरला नरसी मोनजी अभिमत विद्यापीठाच्या परिसरात वस्त्रविषयाचे केंद्र आहे. ते घराजवळ आहे, पण प्रवेशप्रक्रिया व शुल्करचना राज्याच्या सीईटी फेऱ्यांपेक्षा वेगळी असल्यामुळे हिशेब आधी करून घ्यावा. जेईईच्या मार्गाने जाणाऱ्यांसाठी दिल्लीच्या आयआयटीत आणि जालंधरच्या एनआयटीत ही शाखा आहे. शेजारी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात वस्त्र अभियांत्रिकीची जुनी परंपरा आहे.

निवड करताना नावापेक्षा तीन गोष्टी विचारा: सूत कातण्याची आणि विणण्याची यंत्रे प्रयोगशाळेत चालू अवस्थेत आहेत का, तंतूचाचणीचे यंत्र विद्यार्थ्यांना स्वतः हाताळायला मिळते का, आणि अंतिम वर्षातील प्रशिक्षण गिरणीत किती काळ असते. काचेआड ठेवलेले यंत्र दाखवणाऱ्या महाविद्यालयापेक्षा जुने, तेलकट पण चालणारे यंत्र असलेले महाविद्यालय मी पसंत करीन. फॅशन डिझाइन किंवा गृहविज्ञानातील वस्त्र व परिधान हे अभ्यासक्रमही चांगले आहेत, पण त्यांची दिशा वेगळी आहे. रेखाटन, रंगसंगती आणि परिधान यांत रस असेल तर ते घ्यावेत, 'गणित टाळता येते' म्हणून घेऊ नयेत.

स्वतःच्या तयारीसाठी तुमच्या दारातूनच एक उत्तम मार्ग जातो, तो म्हणजे भुसावळहून सुरतला जाणारा लोहमार्ग. चोपड्याहून अमळनेर किंवा धरणगाव गाठले की जिनिंग-प्रेसिंगचा टापू सुरू होतो. पुढे शिंदखेडा, दोंडाईचा, नंदुरबारकडे कापसाची बाजारपेठ आहे, धुळे, शिरपूर आणि शहादा भागात सहकारी आणि खासगी सूतगिरण्या आहेत, नवापूरला वस्त्रोद्योगाची औद्योगिक वसाहत आहे, आणि मार्गाच्या शेवटी सुरत हे कृत्रिम धाग्याच्या कापडाचे देशातील मोठे केंद्र आहे. सरकी वेगळी करण्यापासून छापील साडीपर्यंतची संपूर्ण साखळी एका दिवसाच्या रेल्वे प्रवासात असणे ही सोय फार थोड्या विद्यार्थ्यांना मिळते. दिवाळीनंतर जिनिंगचा हंगाम जोरात असतो, तेव्हा सुटीत जावे. महाविद्यालयाचे पत्र सोबत असले तर व्यवस्थापक सहसा नाही म्हणत नाहीत. तेथे छायाचित्रे काढण्यापेक्षा एक क्विंटल कापसातून रुई (सरकी काढलेला कापूस) किती निघाली हे विचारावे, साधारण ३३ ते ३६ किलो हे उत्तर मिळेल. मग ते कमी-जास्त का होते हे विचारावे. सुरतला जाणे टाळू नये. आपल्या भागात कापसाचे कौतुक इतके असते, की जगातल्या एकूण तंतू उत्पादनात निम्म्याहून अधिक वाटा एकट्या पॉलिएस्टरचा आहे हे विद्यार्थ्यांना दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापर्यंत ठाऊक नसते.

घरी करण्यासारखा अभ्यासही आहे. एक जाड वही घ्यावी आणि शिंप्याकडच्या कातरणांचे तुकडे तिच्यात चिकटवत जावे. प्रत्येक तुकड्यात इंचाला ताण्याचे (उभे) आणि बाण्याचे (आडवे) धागे किती आहेत ते भिंगाखाली मोजावे, धागा उसवून पीळ कोणत्या दिशेचा आहे ते पाहावे, वीण काढून चौकटीच्या कागदावर मांडावी आणि चिमटीने एक धागा जाळून पाहावा: कापूस कागदासारखा जळून हलकी राख ठेवतो, पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो, लोकर आणि रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो. मिश्र धाग्यात ही खूण फसवते, आणि ती कुठे फसवते हे नोंदवणे हाच खरा अभ्यास. दुसऱ्या वर्षापासून संगणकावरील तक्त्यांत सरासरी, प्रमाण विचलन आणि विचरण गुणांक (सरासरीच्या तुलनेत चढउतार किती टक्के) काढण्याचा सराव असावा, कारण गुणवत्ता विभागात 'सूत चांगले आहे' या वाक्याला अर्थ नसतो, त्याची असमानता किती टक्के आहे याला असतो. हिंदी आणि कामापुरती गुजराती बोलता येणे हे आपल्या भागातील विद्यार्थ्याला सहज साधते. इंग्रजीत मात्र एका पानाचा तपासणी अहवाल नीट लिहिण्याची सवय मुद्दाम लावून घ्यावी लागते.

कामांच्या बाबतीत पहिली दोन-तीन वर्षे सोपी नसतात. सूतगिरणीत पाळ्या असतात, गिरणी गावाबाहेर असते आणि सुरुवातीचा पगार संगणक क्षेत्रातल्या मित्रांपेक्षा कमी असतो. सुताच्या खर्चात निम्म्याहून अधिक वाटा कापसाचा असल्यामुळे भाव फिरला की गिरणीचा नफा-तोटा फिरतो, आणि सहकारी गिरण्यांपैकी कित्येक भांडवल व वीजदराच्या ओझ्याने अडचणीत आल्या आहेत. तेव्हा नोकरी घेताना गिरणी वर्षभर पूर्ण क्षमतेने चालते का, हे तेथील कामगारांनाच विचारावे. मुलींनी मुलाखतीत रात्रपाळीची पद्धत, वाहतूक आणि निवास यांविषयी संकोच न करता विचारावे. या विषयावर गुळमुळीत उत्तर देणारी कंपनी नाकारायला हरकत नाही.

याखेरीज वाटा बऱ्याच आहेत. चाचणी प्रयोगशाळांत धुलाई, घाम, प्रकाश यांना रंग किती टिकतो याचे मोजमाप चालते. वस्त्र समितीच्या, म्हणजे टेक्स्टाइल्स कमिटीच्या, तसेच खासगी आंतरराष्ट्रीय कंपन्यांच्या प्रयोगशाळा आहेत आणि येथे मुलींचे प्रमाण चांगले आहे. यंत्रनिर्मात्यांकडे, उदाहरणार्थ कोइंबतूरच्या एलएमडब्ल्यूमध्ये (पूर्वीच्या लक्ष्मी मशीन वर्क्समध्ये) किंवा रीटरच्या शिरवळजवळील कारखान्यात, सेवा अभियंता म्हणून गेलेल्या मुलांनी पाच वर्षांत जितक्या गिरण्या पाहिलेल्या असतात तितक्या मी निवृत्तीपर्यंत पाहिल्या नाहीत. खरेदीदार कंपन्यांत मर्चंडायझर, म्हणजे खरेदीदार आणि कारखाना यांच्यातला दुवा, म्हणून काम करता येते, पण तेथे जाण्यापूर्वी किमान एक वर्ष कारखान्यात काढावे, असे मी प्रत्येकाला सांगतो. सूत आणि कापड न पाहिलेला मर्चंडायझर फक्त निरोप पोहोचवतो. भारतीय कापूस महामंडळ, वस्त्रोद्योग आयुक्तालय आणि मुंबईची केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था येथे अधूनमधून जागा निघतात. पुढे शिकायचे असेल तर गेट या पदव्युत्तर प्रवेशाच्या परीक्षेत वस्त्र अभियांत्रिकी आणि तंतूविज्ञानाची स्वतंत्र प्रश्नपत्रिका आहे. परदेशात नॉर्थ कॅरोलिना, लीड्स, आखेन आणि ड्रेस्डेन येथील विद्यापीठांत या विषयाचे नावाजलेले विभाग आहेत.

खान्देशात राहून काय करता येईल, या प्रश्नाचे माझे उत्तर सूतगिरणीपुरते मर्यादित नाही. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या सात 'पीएम मित्र' वस्त्रोद्यानांपैकी एक अमरावतीला आणि एक गुजरातेत नवसारीला आहे, म्हणजे खान्देश दोहोंच्या मध्ये येतो; पण उद्याने उभी राहायला वर्षे लागतात, त्यांच्यावर विसंबून शाखा निवडू नये. मला अधिक जवळची वाटते ती तांत्रिक वस्त्रांची संधी. केंद्र सरकारने २०२० मध्ये १,४८० कोटी रुपयांचे राष्ट्रीय तांत्रिक वस्त्र अभियान मंजूर केले, तेव्हा अनेकांना वाटले की हे संरक्षण आणि वैद्यक क्षेत्रापुरते आहे. आपल्या रावेर-यावलच्या केळीबागांत घडावर चढवल्या जाणाऱ्या पांढऱ्या पिशव्या, टरबुजाच्या रोपांवर अंथरलेले आच्छादन, शेडनेट आणि तणरोधक पट्ट्या ही सारी कृषिवस्त्रेच आहेत. जळगावच्या प्लास्टिक चटया विणण्याच्या धंद्यालाही धागा ओढणे आणि वीण यांचेच शास्त्र लागू पडते, मात्र तेथे या विषयातला पदवीधर क्वचित आढळतो. घडावरच्या पिशवीचे कापड चौरस मीटरला किती ग्रॅमचे आहे, चार महिने उन्हात राहिल्यावर त्याची ताकद किती उरते, उन्हापासून बचाव करणारे मिश्रण त्यात होते की नव्हते, एवढी तपासणी जरी अंतिम वर्षाच्या प्रकल्पात केली तरी तो प्रकल्प शेतकऱ्याला आणि कारखानदाराला सारखाच उपयोगी पडेल. केळीच्या खोडाच्या धाग्याविषयीही विचारणा होते. तो धागा मजबूत आहे, पण जाडसर आणि ताठ असल्यामुळे कापसाच्या कताईयंत्रावर एकट्याने नीट चालत नाही. दोरी, चटई, कागद आणि हस्तकला यांपासून सुरुवात करणे व्यवहार्य. केळीच्या कापडाची स्वप्ने विकणाऱ्यांपासून जपून राहावे.

वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. कापसाचा हमीभाव सरसकट एक नसतो. तो धाग्याच्या लांबीवर आणि मायक्रोनेअरवर ठरतो. लांब धाग्याच्या कापसाचा जो भाव सर्वांच्या तोंडी असतो, तो २९.५ ते ३०.५ मिलिमीटर लांबी आणि ३.५ ते ४.३ मायक्रोनेअर असलेल्या कापसाचा आहे, आणि खरेदी केंद्रावर ओलावा ८ टक्क्यांपेक्षा जास्त भरला की भावात कपात होते, १२ टक्क्यांच्या वर गेला तर माल परत जातो. सकाळच्या दवात वेचलेला कापूस दोन दिवस पसरून ठेवावा, पहिल्या वेचणीचा कापूस शेवटच्या वेचणीत मिसळू नये, भरण्यासाठी प्लास्टिकची गोणी वापरू नये, हे सांगायला पदवी लागत नाही. पण गावातल्या वीस-पंचवीस शेतकऱ्यांनी एकाच जातीचा कापूस लावला, वेचण्या वेगळ्या ठेवल्या, नमुना तपासून घेतला आणि तो अहवाल हातात घेऊन थेट सूतगिरणीशी भाव ठरवला, तर तो अहवाल वाचणारे आणि गिरणीच्या खरेदी अधिकाऱ्याशी त्याच्याच भाषेत बोलणारे कोणीतरी गावाच्या बाजूने बसलेले असावे लागते. ते काम तुमची मुलगी दुसऱ्या वर्षाच्या सुटीतही करू शकेल.